डेबियनमधून पॅकेजं का काढतात, कशी काढतात आणि आपण काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणक-प्रणाली, आणि पॅकेज म्हणजे तिच्या भांडारातून बसवायचं सॉफ्टवेअर. डेबियन अपग्रेड केलं आणि रोजच्या वापरातलं एखादं पॅकेज सापडेना झालं, की ओळखीतले लोक मला फोन करतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या.

काल होतं ते पॅकेज आज ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ म्हणतं. गेलं कुठे?

बहुतेक वेळा कुठेच गेलेलं नसतं, नाव बदललेलं असतं. डेबियन १३ मध्ये ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. ३२-बिट वेळमोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते. त्याची तयारी म्हणून ढीगभर लायब्ररींच्या (इतर प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सामाईक कोडच्या) नावांना ‘टी६४’ चिकटलं. दुसरी शक्यता अशी, की पॅकेज ‘कॉन्ट्रिब’ किंवा ‘नॉन-फ्री’ विभागात आहे आणि पॅकेजं कुठून आणायची त्या तुमच्या सोर्सेसच्या यादीत तो विभागच नाही. या दोन्ही गोष्टी तपासून झाल्या, की मगच पॅकेज काढलं असेल असा संशय घ्यायचा. डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर नाव टाकलं तर काढलं की नाही, कधी काढलं आणि का काढलं, तिन्ही कळतं. कारण लेखी असतं, आणि ते वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

नावावरून कुठलं नवं आणि कुठलं जुनं हे ओळखायला जाऊ नका. मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्सप्रेशनच्या पीसीआरई लायब्ररीची जुनी पिढी डेबियनमध्ये ‘पीसीआरई३’ नावाने होती आणि नवी आहे ती ‘पीसीआरई२’. म्हणजे तीन आधीचं आणि दोन नंतरचं. मीही यात एकदा तासभर घालवला आहे.

म्हणजे पॅकेज जुनं झालं की काढतात?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. ‘ईडी’ हा एका ओळीवर चालणारा एडिटर युनिक्सच्या जन्माच्या वेळचा, आणि तो आजही डेबियनमध्ये आहे. छपाईसाठी अक्षरजुळणी करणारं ‘टेक’ १९७८ साली पहिल्यांदा आलं. त्याचे कर्ते डोनाल्ड क्नुथ यांनी त्यात नवी सोय घालणं कधीच थांबवलं, तरी ते ठणठणीत आहे. त्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्यांना वाली आहे. बग आला तर उत्तर देणारं कोणी आहे, नव्या कंपायलरवर बांधणी अडली तर दुरुस्त करणारं कोणी आहे.

उलट पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं पॅकेजही बेवारस होऊ शकतं. मूळ लेखकाने प्रकल्प सोडला, डेबियनमध्ये ते पॅकेज सांभाळणारा माणूस, म्हणजे मेंटेनर, नोकरीत किंवा संसारात गुंतला, त्यात एखादं सुरक्षेचं भोक सापडलं आणि ते बुजवायला कोणी पुढे आलं नाही, तर ते पॅकेज लोकांच्या हाती देत राहणं हाच बेजबाबदारपणा ठरतो. वय कोणी मोजत नाही. जबाबदारी कोणाच्या डोक्यावर आहे, एवढंच बघितलं जातं.

अशी किती पॅकेजं जातात?

डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हा ६४,४१९ पॅकेजं होती, ११,०८९ नवी आणि ६,२९६ काढलेली. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये एकूण ६९,८३०. त्यात १४,१०० हून अधिक नवी आली आणि ८,८४० हून अधिक गेली. काढाकाढीच्या बातम्या कानावर येतात, पण एकूण आकडा वाढतोच आहे.

हे ठरवतं कोण? एखादी समिती बसते का?

समिती नाही, बग बसतो. डेबियनमध्ये पॅकेज काढायचं म्हणजे ‘एफटीपी डॉट डेबियन डॉट ऑर्ग’ या नावाच्या लटक्या पॅकेजवर बग नोंदवायचा. शीर्षकाची सुरुवात ‘आरएम’ने, पुढे पॅकेजचं नाव आणि पुढे कारण. कारणांना ठरलेली लघुरूपं आहेत: मेंटेनरनेच मागणी केली तर ‘आरओएम’, गुणवत्ता बघणाऱ्या क्यूए गटातर्फे मागणी असेल तर ‘आरओक्यूए’, मूळ कोडमधून (सोर्स) आता ते चालवण्याजोगं (बायनरी) पॅकेज तयारच होत नसेल तर ‘एनबीएस’. मग भांडार सांभाळणाऱ्या एफटीपी टीममधलं कोणीतरी आधी कोरडी चाचणी चालवतं. या पॅकेजवर दुसरं कोण अवलंबून आहे, ते उचललं तर आणखी काय कोसळेल, याची यादी त्यात बाहेर पडते. यादी रिकामी असेल तर काम पाच मिनिटांचं. ती लांबलचक असेल तर बगवर उत्तर येतं, की आधी या मंडळींची सोय लावा, मग या.

त्याच्या आधीची पायरी म्हणजे पॅकेज अनाथ जाहीर होणं. डेबियनचा शब्दच ‘ऑर्फन्ड’ आहे. मेंटेनरला वेळ नसेल तर तो तशी नोंद करतो आणि पॅकेज क्यूए गटाच्या नावावर चढतं. त्यामुळे ते लगेच जात नाही, कित्येक अनाथ पॅकेजं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. तंटा होतो तो गंभीर बग आल्यावर.

गंभीर बग बराच काळ उघडा राहिला तर पॅकेज ‘टेस्टिंग’मधून, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडते त्या भागातून, आपोआप बाहेर पडतं. याचा अर्थ ते डेबियनमधून गेलं असा नाही. नवं सगळं आधी जिथे येतं त्या ‘अनस्टेबल’मध्ये ते असतं, बग मिटला की परत येऊ शकतं. पण त्याच सुमारास नव्या आवृत्तीसाठी दारं बंद झाली, तर ती अख्खी आवृत्ती त्या पॅकेजशिवाय निघते. बहुतेक लोकांना धक्का बसतो तो या कारणाने.

पायथन २ काढायला एवढी वर्षं का लागली?

कारण ते एक पॅकेज नव्हतं, तो पाया होता: कित्येक पॅकेजं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या याच जुन्या पिढीवर उभी होती. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. पायथन २.७ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो लोकांची तयारी नाही म्हणून १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवला. तारीख जवळ आली तेव्हा, ऑगस्ट २०१९ मध्ये, डेबियनमध्ये पायथन २ वर टेकलेल्या पॅकेजांवर ठोकभावात बग नोंदवले गेले. सगळ्यांवर एकच खूण: ‘पीवाय२रिमूव्हल’.

काम करायची रीत झाड उतरवण्यासारखी होती. बुंध्यावर आधी कुऱ्हाड घातली तर झाड घरावर पडतं, म्हणून शेंड्याच्या डहाळ्या आधी. ज्या पॅकेजवर दुसरं कोणीच अवलंबून नाही ते एकतर पायथन ३ वर न्यायचं, नाहीतर काढायचं. ते गेलं की त्याच्या खालचं पॅकेज शेंड्याला येतं, मग त्याची पाळी. ऐकायला सोपं वाटतं. खरी अडचण चक्रांची होती. ‘क’च्या चाचण्यांना ‘ख’ लागतो, ‘ख’च्या दस्तऐवजांच्या बांधणीला ‘ग’ आणि ‘ग’ला परत ‘क’. अशी गाठ सोडवायला कोणीतरी बसून चाचण्या तात्पुरत्या बंद करून एक दोरा ओढावा लागतो. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही आणि त्याची बातमीही होत नाही.

एवढं करूनही ऑगस्ट २०२१ च्या डेबियन ११ मध्ये पायथन २.७ उरलंच. काही मोठ्या सॉफ्टवेअरच्या बांधणीला ते लागत होतं, म्हणून फक्त बांधणीपुरतं ठेवलं. सुरक्षा-दुरुस्ती मिळणार नाही, यावर प्रोग्रॅम चालवू नका, असं रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचलं किती जणांनी, हा भाग वेगळा. डेबियन १२ मध्ये ते पूर्ण गेलं.

आमची स्वतःची पायथन २ ची जुनी स्क्रिप्ट आहे. पायथन ३ साठी ‘प्रिंट’पुढे नुसते कंस घालून चालेल ना?

चालते, आणि धोका तिथेच आहे. एका कॉलेजात हजेरीचा हिशेब करणारी स्क्रिप्ट होती, कोणा माजी विद्यार्थ्याने लिहिलेली. जुना सर्व्हर डेबियन १० वर होता. नव्या मशिनवर कोरं डेबियन १२ टाकलं, स्क्रिप्ट कॉपी केली, चालवली, तर उत्तर आलं की ‘पायथन’ नावाची फाइल नाही. बरोबरच होतं. नव्या डेबियनमध्ये नुसतं ‘पायथन’ ही आज्ञा नसते, ‘पायथन३’ असते. ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं छोटं पॅकेज टाकलं की जुनं नाव चालू लागतं. तेवढं केलं, ‘प्रिंट’पुढे कंस घातले, स्क्रिप्ट धावली. सगळे खूश.

दोन आठवड्यांनी एक मुलगी यादी घेऊन आली. १७५ तासांपैकी १३१ हजर, यादीत तिच्या नावापुढे ७५ टक्के, आणि तरी नाव अपुऱ्या हजेरीच्या गटात. ‘सर, पंच्याहत्तर आहेत की!’ हिशेब असा होता. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो, म्हणून १३१०० भागिले १७५ बरोबर ७४. पायथन ३ मध्ये तेच ७४.८५७ येतं. दशांश दिसायला बरे दिसेनात म्हणून कोणीतरी छापताना ‘राउंड’ लावलं होतं, त्यामुळे यादीत ७५ दिसलं, पण ७५ च्या अटीशी तुलना मूळ ७४.८५७ ची होत राहिली. स्क्रिप्टने कुठेही एरर दिला नाही. मुलीचं गणित बरोबर होतं आणि संगणकाचंही.

म्हणून आधी भागाकार बघा. जुनंच वर्तन हवं असेल तिथे दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा. त्यानंतर फाइल वाचण्याच्या जागा बघा, कारण पायथन ३ मध्ये मजकूर आणि बाइट्स या दोन वेगळ्या जाती आहेत आणि मराठी नावं असलेल्या फाइलींत हे हमखास बोचतं. कंस सगळ्यात शेवटी.

एखादं मोठं पॅकेज गेलं तर पर्याय देतात का?

कधी देतात, पण बदल फुकट होत नाही. मेलमन २.१ हा ईमेल गट चालवणारा जुना भिडू पायथन २ वर होता, म्हणून डेबियन ११ मधून गेला. जागी मेलमन ३ आहे. जुन्या गटाची सभासद यादी आणि सेटिंग नव्यात आणायला ‘इम्पोर्ट२१’ अशी आज्ञाही आहे. पण मेलमन ३ ची रचनाच निराळी: डेटाबेस वेगळा, वेब पानं वेगळी, जुन्या पत्रांचं दप्तर वेगळं. शनिवारी संध्याकाळी अपग्रेड करून रविवारी पूर्ववत, अशा हिशेबाने बसू नका. अपग्रेडच्या आधी जुन्याच मशिनवर आयातीची रंगीत तालीम करा.

माझ्या मशिनवर आधीच असलेलं पॅकेज अपग्रेडमध्ये आपोआप उडतं का?

सहसा नाही. दुसऱ्या कशाशी भांडण झालं तरच ऍप्ट (पॅकेजं बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) ते काढतो, आणि त्याआधी विचारतो. बाकी ते जिथल्या तिथे राहतं, चालतं आणि कुरकुरत नाही. धोकाही नेमका तोच आहे. भांडारातून पॅकेज गेलं म्हणजे त्याच्या दुरुस्त्या येणं थांबलं, आणि हे तुम्हाला कोणी येऊन सांगत नाही. कधीकाळी टाकलेलं पायथन २.७ आजही कित्येक सर्व्हरवर असंच पडून आहे.

ते शोधायला ‘ऍप्ट लिस्ट’पुढे अवतरणात प्रश्नचिन्ह आणि ‘ऑब्सोलीट’ लिहा. जे मशिनवर आहे पण कुठल्याही भांडारात नाही, ते सगळं समोर येतं. यादी बघून लगेच काढत सुटू नका. तुम्ही हाताने टाकलेली डेब फाइल (पॅकेजची फाइल), प्रिंटरच्या कंपनीचा ड्रायव्हर, हेही त्यात दिसतात, कारण ऍप्टच्या दृष्टीने तेही बाहेरचेच. एकेका नावापुढे थांबून हे कोणी टाकलं आणि कशाला, हे आठवायचं. सोबत ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ पॅकेज टाकलं तर त्यातली ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ ही आज्ञा, भांडारात असूनही ज्यांचा सुरक्षा-आधार कमी किंवा बंद झाला आहे अशी पॅकेजं दाखवते.

मग ऍप्टची ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञा हेच करते ना?

नाही. ऑटोरिमूव्हला भांडाराशी देणंघेणं नाही. दुसऱ्या पॅकेजच्या गरजेपोटी आलेलं आणि आता कोणालाच नको असलेलं ते काढतं. पूर्वी यासाठी ‘डेबऑर्फन’ नावाचं हत्यार लोकप्रिय होतं. अनाथ लायब्ररी शोधून देणारं हे पॅकेज डेबियन १३ मधून स्वतःच काढलं गेलं. रिलीज नोट्स आता ‘ऍप्ट ऑटोरिमूव्ह’ वापरा म्हणतात.

यादीत काही पॅकेजांपुढे ‘आरसी’ दिसतं, ते काय?

पॅकेज काढलेलं आहे, पण त्याची सेटिंगची फाइल राहिलेली आहे. नको असेल तर ‘ऍप्ट पर्ज’.

जुन्या आवृत्तीतली डेब फाइल आणून टाकली तर?

टाकता येते. एखादी निरुपद्रवी गोष्ट, समजा वॉलपेपर, असेल तर बिघडत नाही. पण तिच्या पाठोपाठ जुन्या लायब्ररी, त्यांच्या मागे आणखी जुन्या, असं वऱ्हाड येतं आणि पुढच्या अपग्रेडला ऍप्ट हात टेकतो. डेबियनवाले अशा मशिनला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात.

अगदीच अडलं असेल तर जुनं डेबियन वेगळ्या कंटेनरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशिनमध्ये उभं करा आणि इंटरनेटपासून तोडून ठेवा. सामान मिळतं: जुन्या आवृत्त्या ‘आर्काइव्ह’ सर्व्हरवर असतात, आणि ‘स्नॅपशॉट’ सेवेवर २००५ पासून भांडारात दिवसागणिक काय होतं ते जपलेलं आहे. तुमच्या पॅकेजचा नेमका शेवटचा दिवस शोधून ती फाइल उतरवता येते. काढणं म्हणजे जाळणं नव्हे, एवढा दिलासा आहे.

माझं जुनं नेटबुक ३२-बिट आहे. डेबियन १३ टाकू?

नको. डेबियन १३ मध्ये ‘आय३८६’साठी, म्हणजे ३२-बिट पीसीसाठी, कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. आधी ‘एलएससीपीयू’ चालवून बघा. तिथे ६४-बिटही लिहिलेलं दिसलं तर प्रोसेसर ६४-बिट आहे, त्यावर कोणीतरी ३२-बिट डेबियन टाकलं होतं एवढंच. अशी मशिनं पुष्कळ सापडतात. मग डेटा काढून घेऊन नवं ६४-बिट टाका. खरोखरच ३२-बिट असेल तर डेबियन १२ वर थांबा, त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे.

माझ्या कामाचं पॅकेज काढायचं चाललंय. थांबवता येतं का?

येतं, पण बगवर ‘हे काढू नका, मी वापरतो’ एवढं लिहून काही होत नाही. तसं लिहिणारे पुष्कळ असतात. अनाथ पॅकेज असेल तर ते दत्तक घ्यायची नोंद करता येते, तिचं नाव ‘आयटीए’. मेंटेनर कागदावर आहे पण हलत नाही, अशा वेळी २०१८ पासून ‘आयटीएस’ ही वाट आहे: तशी नोंद करायची, २१ दिवस वाट बघायची, कोणी हरकत घेतली नाही तर किमान ७ दिवसांच्या विलंबाच्या रांगेत आपलं अपलोड ठेवायचं. एकूण महिनाभर मूळ मेंटेनरला बोलायची संधी मिळते. डेबियनचं अधिकृत सदस्यत्व नसलं तरी चालतं, तुमचं काम तपासून अपलोड करणारा प्रायोजक लागतो.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर? एकदा निघून गेलेलं पॅकेज परत आणायला नव्या पॅकेजांच्या रांगेतून पुन्हा पहिल्यापासून जावं लागतं, हे ध्यानात घेऊन आधीच हालचाल करा. बग नीट लिहा: कुठल्या आवृत्तीत, काय केलं, काय झालं. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती केली असेल तर तिचा दुवा द्या. ‘पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट’ चालू ठेवा, म्हणजे ते पॅकेज वापरणारी माणसं आहेत हे निदान आकड्यात दिसतं. मात्र नुसत्या आकड्याने पॅकेज वाचत नाही. दहा हजार वापरणारे आणि सांभाळणारा शून्य, याला उपाय नाही.

फेडोरा, जेंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालींमध्येही असंच असतं?

वळण तेच. फेडोरात अनाथ पॅकेज सहा आठवडे कोणी घेतलं नाही तर ‘रिटायर’ होतं आणि त्याच्या गिटमध्ये ‘डेड डॉट पॅकेज’ नावाची फाइल मागे उरते. जेंटूत ३० दिवस पॅकेजवर पडदा टाकतात आणि त्या घोषणेला ‘लास्ट राइट्स’ म्हणतात, म्हणजे अंत्यविधीच. विनोद त्यांचा, माझा नाही.

जुन्या मदत-पानावर देवनागरीसाठी ‘टीटीएफ-देवनागरी-फॉन्ट्स’ टाका म्हटलंय. मिळत नाही.

ते नाव कधीच निवृत्त झालं. डेबियनने ‘टीटीएफ’ने सुरू होणारी फॉन्टची नावं बदलून ‘फॉन्ट्स’ने सुरू केली, कारण फॉन्ट काही फक्त ट्रूटाइपच नसतात. काही काळ जुन्या नावाची रिकामी पॅकेजं ठेवली होती, ती नुसती नव्याकडे बोट दाखवायची. घर बदलल्यावर जुन्या दारावर चिठ्ठी लावतात तशी. पुढे चिठ्ठीही काढली. आता ‘फॉन्ट्स-देवा’ टाका, नाहीतर एकच हवा असेल तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’. आणि ते मदत-पान तुमच्या हातातलं असेल तर तेवढी ओळ बदला.